माशी कुठे शिंकली

भाच्यानं स्कॉटलंडहून डबी पाठवली,
पत्र्याची, तपकिरीच्या डबीएवढी.
आत बारा माशा.
पिसांच्या, केसांच्या, सोनेरी तारेच्या,
प्रत्येकीच्या पोटातून एक आकडा निघालेला.
सोबत चिठ्ठी: मामा, या ट्राउटसाठी.
इथल्या थंड नदीतला मासा, फार चोखंदळ.
तुमच्या तलावात काय चालेल ते तुम्हीच बघा.

बघतोय.
मी राजमल्लू येमूल, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर,
एकतीस वर्षं माग दुरुस्त करतो,
आणि या विषयात मला एवढंच ठाऊक
की मासा आणि माशी
व्याकरणात नवराबायको वाटतात.

पहिल्या सुट्टीला हिप्परग्याच्या तलावावर
सगळ्यांत देखणी काढली. लाल, हिरवी,
कमरेला जर.
दोरी मागे फेकली, पुढे ओढली,
ती बाभळीतच राहिली.
अजून आहे. ऊन पडलं की चमकते.
दुसरी बुडाली.
तिसरी तरंगली, तरंगतच राहिली,
शेंगाचटणी नि कडक भाकरी संपेपर्यंत.
कारखान्यात विचारलं, काल काय केलंस?
माशा मारल्या, म्हणालो.
तेही खोटंच.

इरण्णा भोई पलीकडे जाळं झटकत असतो.
चार आठवडे बोलला नाही.
पाचव्याला आला, डबीवर वाकला,
एकेकीला नखानं उलटी करून पाहिली.
"चांगल्यात की. पण हितं कुणाच्या वळखीच्या?"
आणि घोटाभर पाण्यातला एक धोंडा उचलला.

खाली चिखलाच्या रंगाचं,
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी
सहा पायांनी पळालं.
"चिलापी हे खाती. तुझी नवरी नाय."

त्या रात्री चाळीसच्या बल्बखाली बसलो.
कचऱ्याच्या पेटीतलं सूत,
टॉवेलच्या काठाचं, मळकट,
कुठल्याच गिऱ्हाइकानं न मागितलेल्या रंगाचं.
परव्याचं एक पीस.
चौदा नंबरचा आकडा, साबणाच्या वडीत रोवलेला.

तुटलेला धागा चालत्या मागावर
दोन बोटांत जोडायची गाठ
बोटांना येते, मला विचारत नाहीत.
पण इथे तुटलेलं काहीच नव्हतं.
गुंडाळत जायचं,
आणि कुठं थांबायचं ते सांगायला
ना नकाशी, ना भोंगा.
पहिली झाली सुपारीएवढी.
दुसरीचे पंख उलटे.
तिसरी बघून कोंडम्मा म्हणाली,
ते किडं आधी झटका, मेलंय.

ती ठेवली.

डबीत परत बारा.
तलावावर डबी उघडली, तरी हात
पुन्हा जरीवालीच्या बहिणीकडेच गेला.
एक विडी होईपर्यंत दोघींकडे बघत बसलो.
मग मळकी बांधली,
बांधताना थोडी लाज वाटली,
पाहुण्यांसमोर घरचा सदरा घातल्यासारखी.

दोरी मागे गेली, बाभळीला चुकवून.
पुढे येण्याआधीच हवेत
काहीतरी काळं, दुभंगल्या शेपटीचं झेपावलं.
कोतवाल!
माशी चोचीत धरली, हातभर वर नेली,
चव घेतली असावी,
आणि टाकून दिली.

इरण्णा हसला, खोकला, परत हसला.
"वरचा फसला की बे!
खालच्याला जरा टाइम दे."

एक पंख मोडका, माशी पाण्यावर.
तिच्याशेजारी पाणी जरासं गोल झालं,
मग सपाट.
मग बराच वेळ सपाट.

रिकामी पिशवी बघून कोंडम्मा विचारेल,
आज कुठे माशी शिंकली?
सांगेन. या वेळी नेमकं ठाऊक आहे.
दोन पुरुष उंचीवर,
कोतवालाच्या ताब्यात.