ओळखते

जिल्हा न्यायालयाच्या कुंपणाला पाठ टेकून
एकोणीस वर्षं मी टाइप केलं.
जुन्या आग्रा रोडची धूळ रिबिनीत बसायची,
‘ळ’ अर्धाच उमटायचा.
पेनाने पुरा करायची मी, प्रत्येक प्रतीवर.

स्टॅम्पपेपर नाशिकरोडच्या प्रेसमधला.
तिथेच नवरा कामाला. सुटताना रोज झडती,
डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवायचा.
तीस वर्षांत कोऱ्या कागदाचा कपटा
घरी आला नाही आमच्या.

तर ती आली. सोनकी भोये, हरसूलकडची.
मखमलाबादला द्राक्षांच्या थिनिंगला आलेली,
बरोबर पोर, सात-आठ वर्षांची, सर्दीने बेजार.
शाळा म्हणते दाखला आणा,
दाखला म्हणतो पुरावा आणा,
पुरावा म्हणतो, तुम्हाला ओळखणारं माणूस आणा.
सोनकी म्हणाली, इथं मला कोण वळखतं बाई.

साडेपाच होत आलेले. नोटरी सानप शटर ओढत होते.
मी टाइप केलं :
‘सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर महिलेस मी मागील पाच वर्षांपासून
व्यक्तिशः ओळखते.’
पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.
खाली सही. माझी.

रात्री नवऱ्याला सांगितलं.
तो पॅन्टला इस्त्री करत होता. करत राहिला.
मग म्हणाला, पैसे घेतलेस?
नाही.
बरं, म्हणाला,
आणि तीच पॅन्ट पुन्हा इस्त्री केली.

त्याचे आजोबा काळारामाच्या दारापुढे बसले होते.
पोलिसांनी नाव विचारलं,
तर बापाचं, गावाचं, सगळं सांगितलं,
वर म्हणाले, नीट लिहा.
मोडायचा तर असा मोडावा. भर उन्हात, नावानिशी.
मी मोडला तो सानपांच्या शटरच्या आडोशाला,
हात कापत, इकडेतिकडे बघत.
त्याला काय म्हणायचं?

आणि हेही सांगायला हवं.
पुढच्याच सोमवारी पाथर्डी फाट्याचा एक जण आला,
बोटभर अंगठ्या, मेलेल्या चुलत्याची जमीन.
म्हणाला, ओळखता म्हणून लिहा ना ताई, गरज आहे.
शब्द तोच. गरज.
मी नाही म्हटलं.
तो हसून शेजारच्या टेबलाकडे वळला,
मग नुसती टकटक ऐकू येत राहिली,
अगदी माझ्यासारखीच.
यंत्राला फरक कळत नाही. मला कळला होता.
पण कसा कळला, ते अजून लिहून देता येणार नाही,
प्रतिज्ञेवर तर नाहीच.

पोरीचं पुढे काय झालं, माहीत नाही.
शाळेत टिकली, की आईमागून द्राक्षांत गेली.
सीबीएसला दप्तरवाल्या पोरी बसमधून उतरतात,
मी बघत राहते.
ती आता पंचविशीची असेल, तरी.

त्या कागदाची प्रत माझ्याकडे नाही.
एवढंच आठवतं, घाईत त्यातला ‘ळ’
पेनाने पुरा करायचा राहिला.