रकाना क्रमांक चौदा

प्रश्नावली सरांची. झेरॉक्स मी काढल्या,
सायबर चौकात, चाळीस प्रती.
मग बस गगनबावड्याच्या रस्त्याला लागली,
खिडकीत ऊस, कळे, पुन्हा ऊस,
आणि एका वळणावर ऊस संपला.

वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं
की 'नमुना वस्ती' म्हणजे आमचा धनगरवाडा.
मी बोलले नाही.
चढणीवर सगळ्यांबरोबर मलाही दम लागला, मुद्दाम.

म्हशींना कुठलं नाटक जमतंय!
माना वर करून आल्या सरळ माझ्याकडे.
पुस्तकात त्या 'उपजीविकेचे साधन', पान एकशे बारा.
इथं ही चंद्रीची नात, शिंग मोडलेली.

आई दारात. रवीचा दोर हातात तसाच.
हसली नाही. अनोळखीपण
तिला माझ्यापेक्षा चांगलं निभावता आलं.

नाव? ठकूबाई बमू झोरे.
वय? "वाघरानं दोन पारडी नेली, त्या सालची मी."
मी लिहिलं: अंदाजे पन्नास.
शिक्षण?
तिनं माझ्याकडं पाहिलं फक्त.
निरक्षर, मी लिहिलं,
आणि नेमकं तेवढंच अक्षर सुरेख आलं.

रकाना चौदा: पाण्याचा स्रोत, स्थानिक नाव, अंतर.
"त्ये लिवू नगं."
का?
"तुज्या आज्यानं साखळीवाल्याला दावलाता झरा, हिरड्याखालचा.
पोटभर प्याला. मग वही काढली.
म्होरल्या साली थितं तार आली.
आता हाय त्यो दुसरा. त्येचं नाव आमच्या तोंडात ऱ्हाऊ दे."

'तुज्या आज्यानं' ऐकून
शेजारच्या मृण्मयीचं पेन थांबलं.
थोड्या वेळानं तिनंही आपला चौदावा रकाना खोडला.

अहवालावर लाल शेरा: माहिती अपूर्ण. दहापैकी साडेसहा.

नंतर ग्रंथालयात जुना नकाशा उलगडला.
हिरड्याखालचा झरा होता त्यात,
नाव भलतंच लिहिलेलं.
पेन्सिल उचलली.
ठेवली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ऊन मरणाचं.
सिद्धान्त सांगता सांगता सरांनाच ठसका लागला.
शनिवारी घरून भरून आणलेली बाटली
मी पुढं केली.
प्याले. थांबले. बाटली उजेडात धरून बघितली.

"गोड आहे गं. कुठलं पाणी?"

"हॉस्टेलचं, सर."