ओबडधोबड

व्हर्लिन नॅपियर वाईट काम शिकतोय
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

डोझरच्या पाठीशी दोन पोलादी फाळ, कमरेइतके लांब.
"खोल घाल," शेल्बी खालून ओरडते,
"आणि मागं वळून सारखं करू नकोस.
ढेकळं राहू देत. धोंडे राहू देत. घाण दिसू दे."
तो मान हलवतो.
तरी वळणावर पातं आपसूक खाली येतं
आणि एक पट्टा गुळगुळीत होऊन जातो.
हाताची खोड.
शेल्बी काही बोलत नाही, नुसती बोट दाखवते.
तो परत फिरतो, स्वतःचंच काम उकरायला.

हा डोंगर होता.
म्हणजे डोंगर वर होता, जिथं आता ससाणा फिरतो,
आणि ही त्याच्या खालची सपाटी.
व्हर्लिनच्याच हातची.
कोळसा गेला, फुटका खडक परत लोटला,
आणि हे यंत्र त्यावरून फिरलं, फिरलं,
इतकं, की इन्स्पेक्टरनं बुटाची टाच आपटली
आणि टाच उमटली नाही.
शाबास म्हणाला.
मग पाइपातून हिरवा लगदा फवारला,
बी, खत, कागदाचा भुगा.
कागदोपत्री कुरण झालं.
गाय कुणी आणली नाही.

पंचवीस वर्षं इथं पाणी पडलं
आणि थांबलं नाही, तडक लिक फोर्कच्या ओढ्यात.
या भुईला वाफसा कधी आलाच नाही.

मधोमध एक टेकाड तेवढं उरलंय.
वर कबरी होत्या, म्हणून कंपनीनं
चहूबाजूंनी कापून तेवढं सोडलं.
नॅपियरांचे एकोणीस दगड,
आणि एक पांढरा ओक,
ज्याला डोंगराची जुनी उंची अजून ठाऊक आहे.

व्हर्लिनची बहीण ओलेटा
शिडी लावून चढते तिथं, दर पानगळीत.
आईच्या दगडावरची पानं झाडते,
बिया वेचते, पाण्यात टाकून पोकळ तेवढ्या काढते,
बाकीच्या ओल्या भुशात, लोण्याच्या रिकाम्या डब्यांत.
फ्रीजमध्ये दुधाशेजारी
त्यांना मोड आले, मटकीसारखे.
"माझ्या घरात एवढी घाई कुणालाच नव्हती," ती म्हणाली.

आम्ही सात जण. सात पहारी.
भोक, रोप, टाचेनं दाब, पुढे.
ओक, हिकरी, ट्यूलिप पॉप्लर,
आणि दर पन्नासाव्या पावलाला
ओलेटाच्या डब्यातलं एक बी,
तेवढं शेल्बी स्वतः लावते, गुडघ्यावर बसून.

जेवताना व्हर्लिननं विचारलं,
"सावली कधी?"
"खारीला लवकर. तुला नाही."
त्यानं सँडविचचा कड तोडला,
बराच वेळ चावला.
"गवतानं दोन महिन्यांत दाखवलं होतं," तो म्हणाला.
त्यात टोमणा होता की नाही,
कळलं नाही.

संध्याकाळी इंजीन बंद झालं
तेव्हा कानात भोक पडल्यागत शांत झालं सगळं.
व्हर्लिन खाली उतरला. तो सहसा चालत नाही या जागेवर,
गाडीतून येतो, यंत्रावर चढतो.
दोन पावलं टाकली आणि घोट्यापर्यंत आत गेला.
एक सणसणीत शिवी हासडली.
मग पाय काढायचा सोडून
तसाच उभा राहिला,
दुसराही पाय रुतू दिला.

हे तीन वर्षांपूर्वीचं.
पहिल्याच हिवाळ्यात एल्क आले,
तिसरा हिस्सा शेंड्यापासून खाऊन गेले.
चऱ्यांमधून पाणी साचलं,
त्यात बेडकांनी अंडी घातली, न विचारता.
ओलेटाच्या बियांपैकी किती जगल्या
ते मी मोजलंय, पण तिला सांगितलेलं नाही.
व्हर्लिन आता शेजारच्या डोंगरावर आहे.
परवा शेल्बी सांगत होती,
काम चांगलं करतो. इतकं वाईट
दुसऱ्या कुणाला जमत नाही.