सातचा पाय

दुपारी तीन वाजता घड्याळात तीनही पेटला आणि आठही,
एकाच काचेत, एकमेकांच्या अंगावर.
शेजारच्या नळीत सातची आडवी रेघ तेवढी उजळली,
खाली उतरणारा पाय अंधारातच.
मी म्हटलं, ओतियानं फसवलं.

तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर
चांदीचे चमचे आणि कुणाकुणाची पदकं मांडलेल्या
चादरींच्या रांगेत तो बसतो,
नळ्या लोकरी मोज्यांत गुंडाळून.
सहा घेतल्या होत्या. घासाघीस केली नाही,
कारण त्यानं एक नळी माझ्या कानाशी हलवली
आणि म्हणाला, "ऐक, आतलं काही सुटलेलं नाही."

त्याच ओतियाला मी चार माणसांत बोलले.
सोबत शेजारचा बेका होता, एकोणीस वर्षांचा, सगळं कळणारा.
"हे बघा," तो म्हणाला, "ह्यातला पाच म्हणजे
उलटा टांगलेला दोन आहे. बनावटच."
ओतियानं रिकामा मोजा मुठीत धरला.

बेकाला माहीत नव्हतं, मला होतं:
त्या कारखान्यात पाच असाच करायचे.
दोनचाच साचा, फिरवून. काटकसर.
मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले.

घरी एक हात एप्रनच्या खिशात घालून
(एकशे सत्तर व्होल्टांना दोन्ही हातांनी भेटू नये)
मीटरचं टोक टेकवत गेले,
एकेका पिनेला विचारत, तू का, तू का.
शेवटी चिपपाशी थांबले.
टपालानं आलेली. पाठीवर जुनं नाव, जुनं साल,
अक्षरं इतकी पांढरी
की चाळीस वर्षांत ती कुठल्याच डब्यात
कशावरही घासली नव्हती.

कापसावर अ‍ॅसिटोन घेतलं, पुसलं.
नाव कापसावर आलं.
खाली दुसरं, अर्धं खरवडलेलं,
पाच व्होल्टांत लहानाचं मोठं झालेलं कुणीतरी,
ज्याला कुणी सांगितलंच नव्हतं
कुठल्या घरात देताहेत ते.

मग तो लठ्ठ कपॅसिटर. बारीक करवतीनं कापला.
आत सगळी पोकळी, आणि मधोमध
एक चिमुकला कपॅसिटर,
बापाचा कोट घालून शाळेत आलेल्या पोरासारखा.
मला हसू आलं.
मग किती पैसे दिले होते ते आठवलं.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
पण त्या टेबलावर कथीलच तेवढं खरं होतं,
सांगितलं तेव्हा वितळलं, सांगितलं तिथं बसलं.
आणि नळ्या.
त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.
चोर पाकिटात बसला होता, मोहोरबंद,
आणि संन्याशाला मी पुलावर फाशी दिली होती.

सातच्या पायाचं म्हणाल तर
ती नळी पूर्वी अशा एखाद्या यंत्रात असेल
जिथे सातचं काम कधी पडलंच नाही.
शेजारचे आकडे जळत राहिले,
त्यांची धातूची धूळ ह्याच्यावर बसत गेली.
औषध एकच: दुसरं काही न लावता
सातच पेटवून ठेवायचा, नेहमीपेक्षा थोडी जास्त वीज देऊन,
रात्रीच्या रात्री.

रविवारी एकटी गेले.
सगळं सांगितलं, पाचचंसुद्धा.
ओतिया ऐकता ऐकता एका गिऱ्हाइकाला चमचा दाखवत होता.
मग म्हणाला, "कपॅसिटर लागेल ना तुला?"
एका फुटक्या रेडिओच्या पोटातून एक उपटून दिला.
"चालेल?"
"कुणास ठाऊक. आतून वाळलाही असेल."
पैसे मात्र पुरते घेतले.

तो अजून जोडलेला नाही, खिडकीत पडलाय.
ओट्यावर सात जळतोय, आज तिसरी रात्र.
अक्रोडाच्या रश्श्यात आम्ही झेंडूची पूड घालतो,
तोच रंग, भिंतीवर, किटलीवर, माझ्या नखांवर.
उजेड गुडघ्यापर्यंत उतरलाय.
घोट्याशी अजून काळं आहे.