पोटभाडेकरू

सकाळी सव्वासातला सयाजी हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात
मी लंगोट गोळा करते.
हसू नका, पगार मिळतो याचा.
हिरवट, पिवळं, मोहरीच्या फोडणीसारखं दाणेदार,
चमचाभर डबीत,
डबीवर नंबर, वय दिवसांत, वेळ मिनिटांत.
मग बर्फाची पेटी पायांत धरून फतेहगंजचा पूल.
बारा मिनिटं.
सिग्नलला थांबले की मनात मोजते,
कारण यांना हवा सोसत नाही.
जी आपण फुकट ओढतो
तिनेच हे संपतात.

लॅबमध्ये नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत
रबरी हातमोज्यांतून मी यांना हाताळते,
चूल परकी असावी तशी, जरा अंतरावरून.
तीन दिवसांनी काचेखाली दिसतात:
जांभळ्या काड्या, टोकाशी फुटलेल्या,
गलोलीच्या बेचक्या जणू
कुणा पोरानं खिशात कोंबलेल्या.

गुरुवारी पांजरापोळ.
तिथं रणछोडभाई शेपटी वर धरतात, मी काडी फिरवते.
‘बेन, माणसांचं उरकलं, आता ढोरांचंही?’
उरकलं नाही हो.
वासराची बेचकी आणि बाळाची बेचकी
डोळ्यांना एकच दिसते.
डीएनए उलगडला की कळतं, घराणी वेगळी,
एकीला दुसरीच्या घरी
सहसा करमत नाही.

खाट तेवीस. रेशली राठवा, छोटाउदेपूरकडची.
सही करण्याआधी तिनं विचारलं, हे नेऊन करता काय?
मी सांगायला गेले:
तुझ्या दुधात एक साखर आहे,
बाळाला ती पचतच नाही.
तिनं खाली पाहिलं, स्वतःकडे,
भांडं गळकं निघाल्यासारखं.
नाही गं, घाईनं म्हटलं, ती बाळाची नाहीच,
त्याच्या पोटात जे राहायला आलेत त्यांची.
ती थोडा वेळ गप्प होती.
मग म्हणाली, आमच्या शेतात एक ओळ पाखरांची असते.
तसं?
तसं, मी म्हटलं,
आणि एवढं सोपं मला सात वर्षांत सुचलं नव्हतं.

तुलनेसाठी आम्हा कर्मचाऱ्यांचेही नमुने घेतले.
माझा नंबर क-४.
बिलिमोरिया मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
‘अगं, तुझ्याकडे तर वस्ती दाट!’
मी, डब्याच्या दुधावर वाढलेली.
लहानपणापासून माझ्या काटकुळेपणाला, चिडण्याला,
दहावीच्या गणितालासुद्धा
घरात हेच एक कारण होतं.

दांडिया बाजारात आईला फोन केला, गंमत म्हणून.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरीही.
‘डबा नंतर आला,’ ती म्हणाली.
‘आधी दोन महिने मला टायफॉइड.
वरच्या मजल्यावरच्या जडावबेननं पाजलं तुला.
एका अंगाला त्यांचा भूपत, एका अंगाला तू.’
सांगितलं का नाहीस कधी?
‘त्याच म्हणाल्या, नको.
छोकरी मोठी झाली की तिला ओझं वाटेल.’

जडावबेन.
ज्यांच्या गच्चीवरचे पापड मी चोरायचे,
ज्या मला पाहून उगीच हसायच्या,
आणि ज्यांना न्यायला लोक जमले त्या दिवशी
मी प्रॅक्टिकलला गेले होते.

मॅडमना विचारलं.
त्या म्हणाल्या, एकतीस वर्षं कोण टिकतं एका घरात?
तू दही खातेस, ताक पितेस,
कितीदा औषधं घेतलीस, माणसं बदलतात आतली.
याला पुरावा म्हणत नाहीत.
माहीत आहे.
मीच मुलांना हे शिकवते.

तरी माझा फॉर्म काढला.
‘जन्मानंतर स्तनपान’ या रकान्यातलं ‘नाही’ खोडलं.
समासात बारीक अक्षरात त्यांचं नाव लिहिलं
आणि संगणकात भरायला बसले.
नावासाठी तिथं जागा नव्हती.
त्यानं फक्त ‘होय’ घेतलं.