काठ

यादीत माझं नाव शेवटून तिसरं:
शालन गोसावी, मानांकन नाही.
पटल सत्तेचाळीस. समोर अद्वय खांबेटे, वय नऊ,
पाय जमिनीला टेकत नाहीत,
बाटलीच्या झाकणावर डायनोसॉर.

भिकारदास मारुतीजवळचा शाळेचा हॉल,
फळ्यावर कालचा लसावि तसाच.
पंच म्हणाले, घड्याळं सुरू करा.

वजिराच्या घोड्यापुढचं प्यादं मी
एकच घर सरकवलं.
त्यानं वर पाहिलं,
काकूंचा चुकून हात लागला की काय, असं.

तुळशीबागेमागे माझं मशीन आहे.
फॉल-पिको, बावीस वर्षं.
मोर, कोयऱ्या, जर, सगळं गिऱ्हाइकाचं;
माझ्या वाट्याला काठ.
काठ नीट धरला की अंग आपसूक सरळ पडतं,
हे कुणी शिकवलं नाही मला.

बुद्धिबळ तरी कुणी शिकवलं?
लेकाच्या क्लासबाहेर, चपलांच्या रॅकला टेकून
बाकावर बसायचे. दार अर्धं उघडं.
नववीत त्यानं सोडलं.
मी सोडलं नाही.

अद्वयनं मधोमध दोन प्यादी रोवली,
मग तिसरं. भरभर, घरचं असल्यासारखं.
माझा उंट कोपऱ्यात.
तिथून तिरका बघत राहिला,
त्याच्याच प्याद्यावर नजर अडत होती तरी.

तेविसाव्या खेळीला त्यानं ते प्यादं पुढे ढकललं.
मला दिसत होतं फक्त
पलीकडच्या कडेनं धावत सुटलेलं दुसरं,
आणि घड्याळातली चाळीस सेकंदं.
हत्ती आडवा घातला, विचारलं, बरोबरी?
त्यानं हात इतक्या झटकन पुढे केला
की मला वाटलं, याला शूला जायचंय.

व्हरांड्यात त्यानं पट मांडला,
वळसा घालून माझ्या बाजूला आला.
"वजिरानं हे मारायचं, काकू.
मागून तुमच्या उंटाचा जोर. मात."
"तुला कधी दिसलं?"
"प्यादं सोडल्या सोडल्या."
"मग?"
"मग मी श्वासच घेतला नाही."

एवढं हसले की पंच बाहेर आले.

अर्धा गुण. पुढची फेरी अडीचला.
बाहीला चिकटलेला मोरपिशी दोरा काढून
मी पटावर ठेवला,
कोपऱ्यातल्या उंटापासून त्याच्या राजाशेजारपर्यंत.
पुरला. थोडा उरलाही.