सावईवेऱ्यातला अनंत

ब्रिजिदा टीचर माशेलच्या बसने यायच्या,
बोटांना आधीच खडू.
फळ्यावर उभी रेघ ओढून म्हणाल्या, ही पोफळ.
हिला हात लावायचा नाही.
चढायचं ते हिच्या शेजारून.

एक अननस. वाटा अर्धा, तर दोन पानं.
वाटा शंभरावा, तर शंभर.
वाटा बारीक होत जातो, पंगत
कुळागराच्या पार निघून जाते.
आणि वाटा शून्याचा?
"मग जेवण नाही गो. मग नुसतं भांडण."

तू सांग उंची, मी सांगते जवळीक:
मधल्या सुट्टीत आम्ही हेच खेळलो.
लाख, म्हणायची शेवंती. कोटी.
दर वेळी शून्याच्या अलीकडे
आणखी एक जागा रिकामी सापडायची.

डावीकडून आलात तर विहीर.
दोर संपतो, ती संपत नाही.
त्याच एका रेघेपाशी
कुणी आभाळाला, कुणी पाताळाला.

परीक्षेत मी लिहिलं, सीमा अनंत,
आणि अनंत आमच्या घरापासून
चालत दहा मिनिटं.

अर्धा गुण कापला. खाली तांबड्या शाईत:
"देवाला माझा नमस्कार सांग.
पण अनंत ही संख्या नव्हे.
सीमा नाही, आणि ती कशी नाही,
हे सांगायची ती एक रीत."

वही अजून आहे, कडांना वाळवी.
तो अर्धा गुण काढते कधी,
वाटून बघते बारीक, आणखी बारीक.
पुरून उरतो.